संगीत विभागाला नवीन मजला मिळतोय, रियाजाच्या खोल्या कशा मागाव्यात?

षड्जपंचम:

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात गायन शिकवते, नाव राहू दे, मराठवाड्यात आहे एवढं पुरे. आजवर आमचा संसार म्हणजे भाषा भवनाच्या मागच्या दोन खोल्या आणि एक हॉल, मधे प्लायवूडचं पार्टिशन. मी इकडे मुलींकडून यमनचा तीव्र मध्यम लावून घेतेय आणि पलीकडे तबल्याचं धिरधिर सुरू, वरून इतिहासवाल्यांची तक्रार की तुमच्या तबल्यापायी आम्हाला व्हायवा घेता येत नाही.

आता सायन्सची नवी बिल्डिंग झाली म्हणून त्यांचा जुना दुसरा मजला अख्खा आम्हाला मिळतोय. खूप आनंद झाला होता, पण आर्किटेक्टनी नकाशा दाखवला आणि पोटात गोळाच आला. १० बाय १० च्या आठ खोल्या, एकाला एक चिकटून, उंचीपण १० फूट, सगळीकडे फॉल्स सीलिंग, भिंतींना काळा फोम, सगळ्या खोल्यांना मिळून एकच डक्टवाला एसी. आणि टोकाला १२० फिक्स खुर्च्यांचं ऑडिटोरियम, स्टेजवर पोडियम. मी विचारलं तबला कुठे बसणार तर म्हणे मॅडम सगळं साउंडप्रूफ आहे, कुठेही बसवा.

मला आतून वाटतंय की हे चुकतंय पण का चुकतंय ते मीटिंगमध्ये सांगता येणार नाही, तिथे इंजिनीअर बसलेले असतात आणि आमच्यासारख्यांना गाणंबजावणंवाले म्हणून गप्प करतात. सोमवारी बैठक आहे. काय मागू आणि कुठल्या शब्दांत मागू?

डेसिबलदादा:

मॅडम, मी पुण्यात स्टुडिओ बांधून देतो, शाळा-कॉलेजांची कामंही केलीत. आधी तो फोम कॅन्सल करा. फोम आवाज अडवत नाही, खोलीच्या आतला नाद खातो, आणि तोही फक्त वरचा. इंचभर फोम टाळीचा कडकडाट खाईल, पेटीची किरकिर खाईल, पण डग्ग्याचा घुमारा जसाच्या तसा शेजारच्या खोलीत. १०० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर स्पंज काय करणार सांगा. उलट होतं काय, आत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मेल्यासारखा वाटतो मग तो जोर लावतो आणि महिन्याभरात घसा धरतो. शिवाय स्वस्तातला पीयू फोम आगीला फार वाईट, फायर एनओसीवाला विचारेलच, हा मुद्दा आधी मांडा, बैठकीत यालाच सगळ्यात जास्त मान असतो.

दुसरं, खोल्या चौकोनी ठोकळा नकोत. लांबी रुंदी उंची तिन्ही १० फूट म्हणजे तिन्ही दिशांना एकच सूर फुगणार. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले खोलीच्या लांबीच्या दुप्पट. १० फुटाला ५६ हर्ट्झ येतं, मग त्याच्या पटीत ११२, १६८. आता तुमचा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणारा मुलगा घ्या, त्याचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, कोमल धैवत ११० ला बसतो. भैरव घोकताना तेवढा एकच सूर भांड्यात बोलल्यासारखा घुमणार आणि शेजारचा पंचम बारीक वाटणार, त्याला कळणारच नाही की गळा चुकतोय की खोली. म्हणून तिन्ही मापं वेगवेगळी मागा, ११ बाय १४, उंची जी असेल ती पण फॉल्स सीलिंग न टाकता.

फॉल्स सीलिंगवरून आठवलं. बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती फॉल्स सीलिंगला टेकवून सोडतात, वर स्लॅबपर्यंत नेत नाहीत कारण वरचं दिसतच नाही. मग आवाज वरून फिरून आरामात शेजारी उतरतो. नकाशावर लिहूनच घ्या की सगळी पार्टिशनं स्लॅबला भिडली पाहिजेत. ९ इंची विटेची भिंत दोन्हीकडून प्लास्टर केलेली असेल तर ५० डेसिबलच्या आसपास अडवते आणि तेवढं तुम्हाला भरपूर झालं, पण दुसऱ्या मजल्यावर नवी वीटभिंत चढवायला स्ट्रक्चरलवाला नाही म्हणेल. तसं झालं तर दोन वेगळ्या फ्रेमवर जिप्समचे दुहेरी थर आणि मधे रॉकवूल. दोन्ही फ्रेम एकमेकींना कुठेही चिकटता कामा नयेत, एक खिळा दोघींना जोडला तरी काम फुकट.

आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते दारात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडी फट राहिली तरी भिंत सोन्याची असली तरी २० डेसिबलच्या वर अडवणार नाही, हे सरळ गणित आहे. दाराखाली बोटभर फट म्हणजे संपलं. भरीव दार, चारी बाजूंनी रबर आणि खाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावलं की पट्टी आपोआप खाली बसते. दारं समोरासमोर ठेवू नका. आणि तो एकच डक्ट काढून टाका, तो डक्ट म्हणजे आठ खोल्यांना जोडणारा भोंगा होणार. खोलीगणिक वेगळा स्प्लिट घ्या आणि हवेसाठी आतून अस्तर लावलेला वाकडा छोटा पाइप, नाहीतर बंद खोलीत पाच माणसं अर्ध्या तासात जांभया देतात.

फुकटातली गोष्ट सांगतो, तबल्याच्या आणि गायनाच्या खोल्यांच्या मधे स्टोअर, लायब्ररी, जिना असलं काहीतरी टाका. निम्मं काम तिथेच होतं.

सूरसागरकाठ:

दादांचं सगळं बरोबर, मी त्यातला नाही म्हणून वाद घालत नाही, पण मॅडम, माझं मत थोडं उलटं आहे. मी बडोद्याला शिकलो, आमचं घर तिथल्याच मराठी वस्तीतलं. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांना हाताशी धरून गायनशाळा काढली, पुढे ती विद्यापीठात गेली आणि आज फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स म्हणून सूरसागरजवळ आहे. तर सांगायचं म्हणजे मी तिथे जे शिकलो त्यातलं अर्धं वर्गात नाही, पॅसेजमध्ये. एमएची एक मुलगी रोज सकाळी मारवा घेऊन बसायची, षड्ज लपवून ऋषभ-धैवतावर एवढा वेळ कसं थांबायचं ते मी पायरीवर चहा पीत पीत ऐकून शिकलो. तिला माहीतही नसेल. आता प्रत्येकाला डबीत बंद करून दार सील केलं तर हे कुठून होणार?

गुरूच्या घरी पण असंच व्हायचं ना, एकाची तालीम चालू आणि चार जण कोपऱ्यात बसून ऐकताहेत. म्हणून म्हणतो आठ खोल्यांच्या हट्टात एक मोठी जागा गमावू नका. बसून तालीम घ्यायला १० बाय १० फार म्हणजे फारच लहान. गणित करून बघा, दोन तानपुरे (पुरुषी तानपुरा जवळपास पाच फूट लांब), पेटी, तबल्याचा साथीदार, तुम्ही आणि चारपाच मुलं, मांडीला मांडी लागेल आणि तानपुऱ्याची खुंटी कोणाच्या तरी डोळ्यात जाईल. मला विचाराल तर १५ बाय २० च्या तीन खोल्या तालमीला आणि चार छोट्या एकट्याच्या रियाजाला, बास.

आणि पोडियम कशाला? कुलगुरूंच्या भाषणाला?

डेसिबलदादा:

तुमचा मुद्दा पटला, मारव्याचा विशेष. पण पॅसेजमध्ये ऐकू येणं वेगळं आणि मधल्या भिंतीतून पखवाज येणं वेगळं. दाराला काचेची पट्टी ठेवा, कोणाला ऐकायचंय तो दार ढकलून आत बसेल. ज्याला नको त्याच्यावर लादू नये एवढंच माझं म्हणणं.

मिरजवाला:

वाद्यांची खोली नकाशात कुठेच दिसेना. ती आधी मागा. आमच्याकडे दरवर्षी कॉलेजांचे तानपुरे दुरुस्तीला येतात, भोपळ्याला तडा गेलेले, आणि विचारलं की कळतं उन्हाच्या भिंतीला टेकून ठेवलेला होता, नाहीतर एसीच्या तोंडासमोर. दिवसा एसी, रात्री बंद, असं रोज खालीवर झालं की भोपळा नि लाकूड वेगवेगळं हलतं, सांधा सुटतो. तबल्याच्या पुडीचंही तेच, सकाळी काळी चारला लावून ठेवलेला दुपारी उतरलेला. खोलीतली हवा ४० ते ६० टक्के दमट राहिली की वाद्यं खूश, वीसपंचवीस टक्क्यांचा उन्हाळा आणि ऐंशीचा पावसाळा हे दोन्ही शत्रू.

आतल्या बाजूची खोली, बाहेरच्या भिंतीची नको. लाकडी रॅक, भोपळा बसेल अशी गोल गादी, तानपुरा उभा, गवसणी घातलेला. सिमेंटच्या फरशीवर वाद्य ठेवायचं नाही. उंदरांचा बंदोबस्त करा, पुडीचं चामडं त्यांना फार आवडतं. आणि खरेदीच्या टेंडरमध्ये विद्यापीठं दहा तानपुरे घेतात पण जवारी काढायला (घोडी घासून तारेची गुंज परत आणायला) दरवर्षी पैसे लागतात ते बजेटात कोणी धरतच नाही, मग तीन वर्षांनी दहाच्या दहा भिंतीला शोभेला आणि मुलं मोबाइलच्या तानपुऱ्यावर. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (त्या गावच्या मालाची अधिकृत ओळख) मिळालं, टेंडरमध्ये तसं लिहिता येतं आता, बघा उपयोग झाला तर.

परदेशी_पाहुणा:

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका मोठ्या म्युझिक स्कूलमध्ये पीएचडी करतोय. इथल्या सोयी बघून सुरुवातीला डोळे फिरतात, रियाजाच्या खोल्यांची अख्खी वेगळी इमारत, कार्ड लावून रात्री बारालाही आत. काही शाळांत वेंगर कंपनीच्या तयार खोल्या असतात, मोठ्या कपाटासारख्या, फॅक्टरीतून येतात आणि हॉलमध्ये उभ्या करतात. एका प्रकारात तर बटण दाबलं की खोली चर्चसारखी किंवा मोठ्या सभागृहासारखी घुमते. मजा आहे, पण खरं सांगतो मांडी घालून तानपुरा घेऊन बसायला त्यातली एकही खोली सोयीची नाही, सगळं उभ्या व्हायोलिनवाल्याच्या मापाचं. कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठानं ही गोष्ट ओळखून वर्ल्ड म्युझिक हॉल वेगळाच बांधला, जावाचा गॅमेलन (काशाच्या घंटा-थाळ्यांचा वाद्यसंच) तिथे कायमचा मांडलेला असतो. आपण मात्र आपल्याच देशात पोडियम लावतो.

एक गोष्ट मात्र इथून जरूर घ्या, कानाची. इथे म्युझिक स्कूलच्या मान्यतेसाठी विद्यार्थ्यांना कानाच्या आरोग्याची माहिती देणं बंधनकारक आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला फक्त एक. टाइल्स लावलेल्या छोट्या खोलीत दोन पखवाज वाजले तर तुम्ही सहज वरच्या आकड्यात जाता. आपल्याकडे तबलजींचे कान जातात आणि आपण वय झालं म्हणतो. तालवाद्याच्या खोल्या मोठ्या ठेवायला हे कारण द्या, आरोग्याचं कारण कोणी खोडत नाही.

कार्यालयीन_बाबू:

सगळे भिंतींवर बोलताय, चावीवर कोणीच नाही. मी ३१ वर्षं एका विद्यापीठाच्या ऑफिसात काढली. कितीही भारी खोल्या बांधा, पावणेसहाला शिपाई कुलूप लावणार, रविवारी बंद, दिवाळीत बंद. सकाळी साडेपाचला खर्ज लावायची वेळ आणि त्याच वेळेला वॉचमन गेटवर झोपलेला. होस्टेलच्या मुलींना खोलीत गायला बंदी आणि विभागाला कुलूप, मग त्या बाथरूममध्ये गातात. हस्तांतराच्या ठरावातच लिहून घ्या, सकाळी ६ ते रात्री ९, सुट्टीसह, आणि संध्याकाळी महिला गार्ड. ठरावात असलं तर बाबू नाही म्हणू शकत नाही, तोंडी ठरलेलं पहिल्या बदलीत संपतं. इलेक्ट्रिक बिल वेगळ्या मीटरवर घेऊ नका, नाहीतर एसी वापरल्याचा हिशोब तुम्हालाच मागतील.

षड्जपंचम:

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबूजी, बाथरूमचं अगदी आमच्याच होस्टेलचं सांगितलंत. पखवाजाचा आकडा मी आत्ताच एचओडींना फॉरवर्ड केला.

ऑडिटोरियमचं सांगा ना कोणीतरी. १२० खुर्च्या फिक्स नको हे मला कळतं, जाजम घालून बैठक हवी. पण आर्किटेक्ट म्हणतात नॅकची (विद्यापीठांना दर्जा देणारी) कमिटी येते तेव्हा खुर्च्या दिसल्या पाहिजेत. आणि ते मोठे स्पीकर लावणार आहेत, मला तर माइक नसलेलं चालेल. एवढ्या जागेत माइकशिवाय गाणं ऐकू येईल का?

डेसिबलदादा:

शंभर-सव्वाशे लोकांना माइक लागतच नाही मॅडम, खोली नीट असली तर. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर हजाराच्या वर माणसांचं आहे आणि १९८० साली ते मुळात माइकशिवायच्या आपल्या बैठकीच्या गाण्यासाठीच डिझाइन केलं होतं, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि आवाजाचं काम सिरिल हॅरिस यांचं. तिथे जमतं तर तुमच्या हॉलला काय धाड भरलीय.

फक्त नाद किती रेंगाळतो ते बघा. सिंफनीला दोन सेकंदांच्या आसपास छान वाटतं, आपल्याला तानेचा दाणा आणि तबल्याचा बोल सुटा ऐकू यायला हवा, सेकंदाच्या खालीच ठेवा. याचं सूत्र एका विद्यापीठाच्याच बिघडलेल्या वर्गातून आलंय. हार्वर्डच्या फॉग म्युझियमच्या लेक्चर हॉलमध्ये १८९५ च्या सुमारास बोललेलं कळायचं नाही, शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण फिजिक्सच्या मास्तरला दुरुस्त कर म्हणाले, तर तो रात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचा, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि घड्याळ लावून मोजायचा. त्यातून निघालं: वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, भागिले शोषण, म्हणजे आवाज पूर्ण खाणारा भाग चौरस मीटरमध्ये. तुमची तालमीची खोली ४ बाय ५ मीटर, उंची ३.२ धरली तर ६४ घनमीटर. नुसतं प्लास्टर आणि फरशी असेल तर तीन सेकंदांवर जातं. ०.६ ला आणायला साधारण १७ चौरस मीटर पूर्ण शोषणारा भाग लागतो, म्हणजे जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, जाजम, कापूस भरलेल्या गाद्या, आणि माणसं. एक माणूस अर्धा चौरस मीटर धरा. पडदे भिंतीपासून वितभर सोडून लावा, खालचा नादही थोडा खातात.

नॅकसाठी घडीच्या खुर्च्या भाड्याने आणा, दोन दिवसांचं काम.

सूरसागरकाठ:

आणि पैसे उरले नाहीत तर ऑडिटोरियमच सोडा. पुण्याच्या ललित कला केंद्रात (१९८७ चं, नावातच गुरुकुल आहे) अंगणमंच आहे, उघड्यावरचा. मुलांना आठवड्याला समोर माणसं बसलेली हवीत, छत नसलं तरी चालतं. तुमच्या बिल्डिंगच्या मागे झाड असेल ना एखादं?

जुन्या_तबकड्या:

एक खोली ऐकायची पण ठेवा. रियाजाच्या सोयींवर सगळे भांडतात आणि ऐकायची सोय मोबाइलवर सोडतात. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक रानडे यांचं सगळं कामच बघा, संगीत म्हणजे फक्त गाणं नाही तर कानाचं शिक्षण. एआरसीई या संगीत-संशोधन संस्थेचं ध्वनिसंग्रहालय १९८२ साली पुण्यातच सुरू झालं आणि नंतर दिल्लीकडे गेलं, आता गुरुग्रामला आहे. आपल्याकडे असलेलं आपण टिकवत नाही.

कायद्याचीही भीती नको. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी त्यावरचा हक्क संपतो, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तुम्ही बिनधास्त डिजिटाइज करून मुलांना ऐकवू शकता. चार हेडफोनच्या जागा, दोन बरे स्पीकर, आणि तालमीच्या खोलीत छताला एक माइक कायमचा, म्हणजे मुलगी स्वतःचीच तालीम घरी नेऊन ऐकेल. जुन्या मास्तरांच्या कॅसेट विभागात कुठे पेटीत पडल्या असतील तर आधी त्या शोधा, शिफ्टिंगमध्ये त्याच रद्दीत जातात.

षड्जपंचम:

कॅसेट आहेत! स्टीलच्या कपाटाच्या वर दोन खोके, कोणी उघडले नाहीत कधी. उद्याच उतरवते.

बरं, आता माझं ठरलं: तीन मोठ्या, चार छोट्या, वाद्यांची आतली, ऐकायची एक. फोम नाही, डक्ट नाही, ठरावात वेळ. पोडियम मीच बघते. दादा, ते ड्रॉप सील छत्रपती संभाजीनगरला मिळतं का, का पुण्याहूनच आणावं लागेल? आणि दाराला अंदाजे किती धरू एस्टिमेटमध्ये?

डेसिबलदादा:

मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे ऑटोमॅटिक डोअर बॉटम म्हणून मागा, हॉटेलांना लागतं ते त्यामुळे असतं. नाही मिळालं तर कुरिअरने येतं. किंमत मी आत्ता टाकत नाही, तुम्ही दाराची रुंदी आणि दार भरीव आहे की पोकळ ते कळवा. जुन्या लॅबची दारं असतील तर दोन बोटांनी ठोकून बघा, पोकळ वाजलं तर सील लावायचा खर्च करूच नका, आधी दार बदला.